साहेब म्हणले, पळ

"पळ," साहेब म्हणले.

मी जागचा हललो नाय. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बंगल्याच्या हिरवळीवर खुर्च्या टाकलेल्या. पाव्हणे बसलेले, हातात सरबताचे गिलास. मी गेटावर ड्युटीला. अंगात खाकी, डोक्यावर टोपी, हातात काठी. साहेबानं आत बोलावलं आन् म्हणले, पळ.

"कुठं, साहेब?"

पाव्हणे हसले.

"त्या भिंतीपर्यंत. तू चोर. सीझर तुला धरणार. पाहुण्यांना बघायचंय कुत्रा कसा तयार झालाय."

सीझर म्हणजे साहेबाचा कुत्रा. माझ्या कमरेच्या वर येणारा. मी बंगल्याच्या ड्युटीला आलो की त्याच्या साखळीचा आवाज कुठून येतो, ते आधी बघायचो. साखळी वाजली की बरं वाटायचं. वाजली नाय की भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. त्या दिवशी साखळी साहेबाच्या हातात व्हती.

माळ्यानं गोणपाट आणलं. माळी म्हणजे सखाराम, सिल्लोडकडचा धनगर. मेंढरं विकून शहरात आलेला. त्यानं माझ्या उजव्या हाताला गोणपाट गुंडाळलं, वरून सुतळी आवळली. तोंड न हलवता म्हणला, "हात म्होरं धर. गळा झाक."

एका जाड पाव्हण्यानं विचारलं, "याला जमेल का हो?"

साहेबाच्या मागं भगवानराव उभा व्हता. साहेबाच्या कंपनीचा सिक्युरिटी ऑफिसर. माझ्याच गावचा, बिडकीनच्या पुढचा, मोठ्या मळ्यावाल्या घरातला. तो म्हणला, "न जमायला काय झालं. ह्या लोकांना पळायची सवय आहे. नामांतराच्या वेळी गावातून कसे पळाले, मी डोळ्यांनी पाह्यलंय."

सगळे हसले. एक बाई हसली नाय. गिलासात बघत बसली.

मग मी पळालो.

भिंत लांब नव्हती. पण कुत्र्याची नखं मागं घासत येताना ऐकली आन् माझे पाय माझे राहिले नाय. वळून हात म्होरं केला, तसं त्यानं गोणपाट धरलं. एक हिसका. सुतळी सुटली. गोणपाट त्याच्या तोंडातून पडलं आन् मनगट आलं. टाळ्या ऐकू आल्या. त्यांना वाटलं, अजून खेळच चाललाय. मी वरडलो तव्हा टाळ्या थांबल्या.

साहेब धावत आले. मला वाटलं, माझ्याकडं आले. ते गुडघ्यावर बसले आन् कुत्र्याचा जबडा उघडून बघायला लागले. जबडा रक्तानं भरलेला. पाव्हण्यानं विचारलं, "दाताला लागलं की काय?" साहेबानं बोटानं पुसून पाह्यलं. म्हणले, "नाही नाही. याचं नाही रक्त."

याचं नाही रक्त. हे शब्द मी विसरलो नाय.

भगवानराव जे बोलला ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. आम्ही पळालो व्हतो. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाल्याचं रेडिओवर आलं आन् गावाची नजर फिरली. काल जे "काय रे, बरं हाय का" म्हणायचे, ते तोंड फिरवायला लागले. मग एका दुपारी जमाव आमच्या वस्तीत आला. मला मिसरूड फुटलेलं व्हतं. हातात काठीही व्हती. ती टाकून बापाच्या मागं ज्वारीत शिरलो. तिथून धूर दिसत व्हता. बापानं माझ्या तोंडावर हात दाबून धरला व्हता. माझे दात वाजत व्हते, ते कुणाला ऐकू जातील म्हणून.

बाप पुढं लवकरच वारला. माय गावातच राहिली. म्हणाली, जळलेली का असंना, जागा माझी हाय. मी औरंगाबादला आलो. शहर तव्हा वाढत व्हतं. चिकलठाण्याला, वाळूजला, पैठण रोडला चितेगावकडं, जिकडं बघावं तिकडं पत्र्याची शेडं उठत व्हती. शेडाला भिंत, भिंतीला गेट, गेटाला माणूस. भगवानराव साहेबाच्या कंपनीत सिक्युरिटीचा मोठा झाला व्हता. त्यानं मला लावून घेतलं. गावचा माणूस दबून राहतो, हे त्याला ठाऊक व्हतं. आन् मी दबून राह्यलो. शहरात नामांतराचे मोर्चे निघायचे. कंपनीच्या रस्त्यावरून निळे झेंडे जायचे. मी टोपी खाली ओढायचो. कुणी वळखू नये. माझी बायको गया मोर्चाला जायची, मी ड्युटीला.

भगवानरावनंच मला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?" मी तोंड उघडायच्या आत भगवानराव म्हणला, "रस्त्यावरचं कुत्रं चावलं."

डॉक्टर म्हणला, "कुत्रा सापडेल का? दहा दिवस नजरेखाली ठेवता आला असता. तो धड राहिला तर सगळी इंजेक्शनं घ्यायला लागत नाहीत."

"कुठला सापडतो साहेब. पळून गेलं."

कुत्रा बंगल्याच्या पायरीवर बसून मटण खात व्हता. मी भगवानरावच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाय.

मग रोज पोटात इंजेक्शन. बेंबीच्या भोवती. जाड सुई, पोटाला गाठी यायच्या. वॉर्डबॉय म्हातारा व्हता, रोज म्हणायचा, "मामू, साँस छोडो, पेट ढीला छोडो." मला श्वास सोडता येत नव्हता. सुईची भीती नव्हती. भीती ही व्हती की सुई लागू पडली नाय तर?

तसं मरण मी लहानपणी ऐकलं व्हतं. गावात पिसाळलेलं कुत्रं चावलेला एकजण पाण्याला बघून किंचाळायचा, त्याला गोठ्यात कोंडला व्हता. आम्ही पोरं लांबून ऐकायचो. गयालाही तसलं काही तिच्या गावचं ठाऊक असणार. ती मला कधी बोलली नाय. पण सकाळी गिलास भरून म्होरं धरायची आन् माझ्या गळ्याकडं बघायची. मी घोट घेईपर्यंत तिचा श्वास अडकलेला. घोट खाली उतरला की वळून चुलीला लागायची. मी कितीदा तहान नसताना पाणी प्यालो. एकदा ठसका लागला. गयाच्या हातातलं ताट पडलं. ती कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकली. मी खोकत खोकत हातानं खुणावत व्हतो, काय नाय, काय नाय, ठसका हाय. कितीतरी वेळ ती जवळ आली नाय.

साहेबाच्या कुत्र्याला सगळ्या लसी टोचलेल्या व्हत्या. हे मला लई पुढं कळलं. एवढा एक शब्द कुणी मला सांगितला असता, तर आमच्या घरातली ती भीती गेली असती. कुणाला सांगावं वाटलं नाय.

जखम भरली. हात भरला नाय. बोटं मिटंनात. डॉक्टर म्हणला, आतली शीर तुटली, आता असाच राहणार. मी कामावर गेलो. काठी धरली की गळून पडायची. गेटाचा अडसर दोन्ही हातांनी उचलायचा असायचा. ट्रक हॉर्न वाजवत राहायचे. भगवानराव आला, बघत उभा राहिला, म्हणला, "गेटाला दोन हात लागतात बाबा. घरी बस." खाकी कपडे तिथंच काढून घेतले.

गयाच मला वकीलबाईकडं घेऊन गेली. मोर्चातली वळख. वयानं आमच्यापेक्षा लहान, नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेली. एका खोलीत राहायची, तिथंच लोकांचे कज्जे ऐकायची. तिनं माझा हात हातात घेतला. बोटं उघडून बघितली, मिटून बघितली. मग एकच विचारलं.

"तुम्हाला पळायला कुणी सांगितलं?"

"साहेबानं."

"तेव्हा तुम्ही ड्युटीवर होतात?"

"व्हय."

"मग कामावर असतानाच लागलंय. कायद्यानं भरपाई द्यावी लागते. दया नव्हे, हक्क आहे."

मी हात वढून घेतला. म्हणलं, "बाई, माय गावात एकटी हाय. भगवानराव त्याच गावचा."

ती म्हणाली, "भीती वाटणारच. मलाही वाटते. पण ठरवायचं तुम्हीच."

मी ठरवलं नाय. गयानं ठरवलं. मी नुसता हो म्हणलो. कंपनीला नोटीस गेली. आन् मला बंगल्यावर बोलावणं आलं.

मी गेलो. का गेलो? साहेब बोलावतात आन् आपण जात नाय, हे मला करताच येत नव्हतं. त्या दिवशीपर्यंत.

गेटावर नवा माणूस व्हता, त्यानं सोडलं. सखाराम गुलाबाच्या वाफ्यात वाकलेला. त्यानं मान वर केली नाय. व्हरांड्यात साहेब वेताच्या खुर्चीत. बाजूला भगवानराव. पायऱ्यांवर सीझर. साखळी नव्हती.

"ये, वर ये," साहेब म्हणले. "तो काही करत नाही."

वर जायचं तर त्याच्या अंगावरूनच जायला लागत व्हतं. त्यानं डोकं उचललं. मी एक पायरी चढलो. त्याचा वास आला. माझा वाकडा हात आपोआप पोटाशी गेला. कसाबसा वर चढून उभा राहिलो. कुत्रा उठला आन् माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्याचा श्वास पोटरीला लागत व्हता.

साहेब लई गोड बोलले. म्हणले, झालं ते वाईट झालं. तुला स्टोअरमध्ये बसायचं काम देतो. तू एवढंच सांग, की मी हौसेनं पळालो. पाहुणे होते, गंमत चालली होती, मीही त्यात उतरलो. "आणि खरंच, गंमतच होती ना? गंमत म्हणजे काय काम होतं का?"

भगवानराव म्हणला, "हो म्हण. गावाकडं तुझी माय हाय. म्हातारं माणूस. तिचं बघायला लागतंय आम्हालाच."

त्याच वेळी कुत्रा गुरगुरला. मोठ्यानं नाय. घशातल्या घशात. आन् माझी प्यांट ओली झाली. उभ्या उभ्या. गरम धार पायावरून चपलेत आली, फरशीवर आली. साहेबानं बघितलं. भगवानरावनं बघितलं. साहेबानं नाकाला रुमाल लावला.

आता गमवायला काय राहिलं? माणसाची जी काही अब्रू असते, ती फरशीवर सांडली व्हती. मी तिच्याकडं बघितलं. आन् मला उमगलं, की एवढी भीती अंगात असूनही माझी जीभ माझ्याच तोंडात हाय. हे लोक मला भिववू शकतात. मला मुतायला लावू शकतात. माझ्या तोंडातून हो काढायला मात्र मलाच तोंड उघडावं लागतं.

"नाय," मी म्हणलो.

आवाज शेळीवानी निघाला. तरी निघाला.

"काय नाही?" साहेब म्हणले.

"हौसेनं नाय पळालो. तुमी म्हणले पळ. मी ड्युटीवर व्हतो. कोर्टात तेच सांगणार."

भगवानराव उठला. साहेबानं त्याला हातानं थांबवलं. मला म्हणले, "तुझ्यात एवढी हिंमत कुठून आली?"

हिंमत नव्हती. ते ओल्या प्यांटीकडं बघत मला हिंमत म्हणत व्हते. मी वळलो. कुत्र्याच्या बाजूनं पायऱ्या उतरलो. पाठ त्याच्याकडं, आन् पाठीची कातडी जिवंत झालेली, प्रत्येक केस उभा. गेटापर्यंत चालत गेलो. बाहेर पडून भिंतीच्या आडोशाला बसलो आन् वकारी काढली.

मायचं काम सुटलं. ती भगवानरावच्या मळ्यात खुरपायला जायची. त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं. मग दुसऱ्यांनीही सांगितलं. तिच्या पत्र्यावर भरदिवसा धोंडे पडायला लागले. एक दिवस ती गाठोडं घेऊन एसटीनं आमच्या दारात आली. कपाळावर खोक. मी तिचे पाय धरले. म्हणलं, "माय, मी केस मागं घेतो."

ती उंबऱ्यावर बसली. पाणी प्याली. मग म्हणाली, "घर जाळलं तव्हा आपल्यातलं कोर्टात कोण गेलं? कुणीच नाय. तुझा बाप मरेस्तोवर भगवानरावच्या बापाला रामराम घालायचा. ज्यानं काडी लावली त्याला. मी बघायची. तू कोर्टात गेलास. आता मागं फिरलास तर मी परत गावात जाऊन बसन, पडू दे धोंडे."

मी मागं फिरलो नाय.

कोर्टाचं लई वर्षं चाललं. तारखेच्या आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाय. साक्षीला सखारामला बोलावलं. त्यानं गोणपाट बांधलं व्हतं, त्यानं सगळं बघितलं व्हतं. तो पिंजऱ्यात उभा राहिला, नव्या पांढऱ्या पटक्यात. पटका कुणी घेऊन दिला ते दिसत व्हतं. वकीलबाईनं विचारलं. तो म्हणला, "म्या काय बी पाह्यलं नाय. म्या तव्हा मागं पाणी देत व्हतो." खाली उतरताना माझ्या जवळून गेला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं पटक्याचं टोक तोंडाला लावलं आन् निघून गेला.

मला वाटलं, संपलं.

मग भगवानराव उभा राहिला. इस्त्रीचे कपडे, मान ताठ. कंपनीच्या वकिलानं त्याच्याकडून वदवून घेतलं, की हा माणूस त्या दिवशी आपल्या मर्जीनं बंगल्यावर गेला, मर्जीनं खेळला. मग वकीलबाई उठली. तिनं आवाज चढवला नाय. उलट त्याला मान देऊन विचारलं, "तुमच्या हाताखाली एवढे गार्ड. कुणी मनाला येईल तिकडं जातं, असं दिसतं. तुमचं कुणी ऐकत नाही का?"

भगवानरावचं तोंड लाल झालं. म्हणला, "कोण म्हणतं? माझ्या हुकमाशिवाय माझा एकही गार्ड जागचा हलत नाही."

"बंगल्यावरसुद्धा?"

"बंगल्यावरसुद्धा."

ती खाली बसली. कंपनीच्या वकिलानं डोळे मिटले. भगवानराव अजून ताठ उभा व्हता. मी हुकमानंच बंगल्यावर गेलो, हे आपल्याच तोंडानं कबूल केलं, ते त्याला कळलं नव्हतं. साऱ्या जन्मात त्याला दबवून कुणी विचारलं नव्हतं, म्हणून हुकूम लपवायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

निकाल माझ्या बाजूनं लागला. कंपनीनं वरच्या कोर्टात अपील केलं. ते चाललंच हाय. तोवर नामांतराचा नामविस्तार झाला. वस्तीत गुलाल उधळला. मायनंही कपाळाला लावला, खोकेच्या वणावर. मी सायकलच्या दुकानात बसतो, डाव्या हातानं पंक्चर काढतो. बोटं मिटत नाय. थंडीत मनगट ठणकतं. कुत्रं भुंकलं की अजून मी रस्ता बदलतो.

परवा दारात एक बाई आली. डोक्यावरून पदर, आत येईना. सखारामची बायको. म्हणाली, बंगल्यावर अशोकाच्या फांद्या छाटताना सखाराम वरून पडला. कंबर गेली. उठता येत नाय. साहेब म्हणतात, हा आमचा माणूसच नाय, मोलानं कधीमधी यायचा. कंपनीशी त्याचा संबंध नाय. तिला कुणीतरी माझं नाव सांगितलं व्हतं.

गयानं पाणी आणून ठेवलं. बाईनं गिलासाला हात लावला नाय. आमच्या घरचं पाणी. गयानं ते बघितलं आन् म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं भर कोर्टात ह्यांना खोटं पाडलं. आन् आता तू इथं आलीस?"

बाई उभीच राहिली. तिचे पाय भेगाळलेले, धुळीनं भरलेले. बंगल्यापासून चालत आली असणार.

सखारामला मी माफ केलं नाय. करणारही नाय. त्या पटक्याचं टोक मला अजून दिसतं. पण कंपनीच्या गेटावर पगाराच्या दिवशी तो माझ्याम्होरं रांगेत उभा असायचा, हे मी दर महिन्याला बघितलंय. भगवानराव त्याला हाळी मारून कामं सांगायचा, हे मी ऐकलंय. तो कंपनीचाच माणूस हाय. हे सांगायला आज माझ्याशिवाय कुणी नाय.

मी बाईला म्हणलं, "तारीख कळली की सांगा. मी येतो."

गया आत गेली. जाताना तो भरला गिलास उचलून नेला.

पिंजऱ्यात मी उभा राहीन तव्हा म्होरं साहेबाचे वकील असतील. भगवानराव असंल. मला त्याची भीती वाटते, आजही, खोटं कशाला बोलू. कदाचित परत प्यांट ओली होईल. होऊ दे. मी काय बघितलं, ते मी सांगणार हाय. सखारामसाठी. आन् उद्या आणखी कुणी पडला, कुणाला लागलं, कुणाला चावलं, तर त्याच्यासाठी. तो माझ्या घरचं पाणी पिवो न पिवो.